धोतराच्या गाठीखालचा कॅन्सर शोधणारे डॉ. खानोलकर, ज्यांची गोष्ट प्रत्येक गड्याला माहिती पाहिजे

बारामतीच्या एसटी स्टँडवर नाहीतर इंदापूरच्या बाजारात दोन गडी भेटले, की तब्येतीच्या गप्पा हमखास निघतात. कुणाची शुगर वाढलीय, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कुणाला स्टेंट टाकलीय. सगळं मोकळेपणानं सांगितलं जातं. गुडघ्यावरचे टाके तर पायजमा वर करून दाखवले जातात.

पण लघवीतून रक्त आलं, हे कुणी सांगतं का? खालच्या कातडीवर फोड आलाय आणि महिना झाला तरी बरा होत नाही, हे कुणी बायकोला तरी सांगतं का?

नाही सांगत. आधी मेडिकलमधून मलम आणलं जातं. मग कुणीतरी झाडपाला सुचवतं. मग उष्णता वाढली असेल म्हणून सब्जा आणि ताक सुरू होतं. उसाची तोड, पोरीचं लग्न, दिवाळी असं करत सहा-आठ महिने निघून जातात. शेवटी त्रास असह्य झाला, की पुण्याची गाडी पकडली जाते, आणि तिथं डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, इतके दिवस कुठं होता?

किडनी, लघवीची पिशवी, प्रोस्टेट, वृषण आणि लिंग या अवयवांच्या कॅन्सरना एकत्रितपणे मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या प्रजनन अवयवांचे कॅन्सर म्हणतात. किडनीचा आणि पिशवीचा बायकांनाही होतो. यातले बरेचसे लवकर सापडले तर बरे होतात. गडबड होते ती सापडण्याच्या आधी, कारण लाजेपोटी कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही.

आता थोडं मागं जाऊ. साधारण 80 वर्षांपूर्वी मुंबईच्या परळमध्ये एक मराठी डॉक्टर नेमकं हेच करत होता. पेशंटला नको वाटणारे, खासगी, कधी कधी विचित्र वाटणारे प्रश्न विचारत होता. तुम्ही कुठल्या समाजाचे? तंबाखू कशी खाता? ओठाखाली ठेवता की गालात? धोतर किती घट्ट बांधता? या प्रश्नांतून भारतातल्या कॅन्सरबद्दलची समजूत बदलून गेली.

त्या डॉक्टरांचं नाव, वसंत रामजी खानोलकर.

मायक्रोस्कोपच्या मागचा डॉक्टर

खानोलकरांचा जन्म 13 एप्रिल 1895 चा. डॉक्टरकी शिकायला ते लंडनला गेले आणि 1923 साली लंडन विद्यापीठातून पॅथॉलॉजी या विषयात एमडी झाले.

हातात लंडनची पदवी होती. परत येऊन दवाखाना टाकला असता, तर पेशंटची रांग लागली असती. पण त्यांनी निवडलं पॅथॉलॉजी. म्हणजे काय, तर पेशंटच्या शरीरातला छोटा तुकडा घ्यायचा, तो मेणात बसवायचा, त्याचे केसापेक्षा पातळ काप करायचे, त्यांना रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली पेशी बघायच्या. साधी गाठ आहे की कॅन्सर आहे, याचा निकाल हा माणूस देतो. पेशंटला बहुतेक वेळा त्याचं नावही माहिती नसतं.

भारतात परतल्यावर खानोलकरांनी आधी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकवलं, मग केईएम हॉस्पिटलच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये. डॉक्टरांच्या कितीतरी बॅच त्यांच्या हाताखालून गेल्या.

त्याच काळात परळमध्ये एक मोठी इमारत उभी राहत होती. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई 1931 मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या होत्या. भारतातही कॅन्सरवर चांगले उपचार मिळावेत ही इच्छा त्यातून पुढं आली आणि टाटा ट्रस्टनं ती पूर्ण केली. 28 फेब्रुवारी 1941 ला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधन सांभाळायची जबाबदारी आली खानोलकरांवर.

भारतात कॅन्सर नसतोच, असं मानायचे

आज ऐकून खोटं वाटेल, पण तेव्हा अनेक गोऱ्या डॉक्टरांचं मत होतं की कॅन्सर हा श्रीमंत, सुधारलेल्या देशांचा आजार आहे आणि भारतात तो फारसा नाही. कारण साधं होतं. खेड्यातला माणूस हॉस्पिटलपर्यंत पोचतच नव्हता. कशानं गेला हे न कळताच तो घरी मरत होता. जे मोजलं नाही, ते नाहीच असं धरलं गेलं.

टाटा हॉस्पिटल सुरू झालं आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून पेशंट यायला लागले. खानोलकर नुसते तुकडे तपासून थांबले नाहीत. प्रत्येक तुकड्यामागचा माणूस कोण आहे, हे त्यांनी नोंदवायला सुरुवात केली. धर्म, समाज, गाव, खाणं, व्यसन, पेहराव, सगळं.

1944 मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या ओळीनं 1000 पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध केला. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचं नातं दाखवणारे इंग्लंड-अमेरिकेतले गाजलेले अभ्यास आले 1950 मध्ये. त्याच्याही सहा वर्षं आधी परळमधला हा माणूस सवय आणि कॅन्सर यांची सांगड घालत होता.

पुढच्याच वर्षी, 1945 मध्ये, खानोलकर आणि त्यांच्या सहकारी बी. सूर्याबाई यांनी आणखी एक अभ्यास छापला. लोकांच्या रोजच्या सवयींतून होणारे कॅन्सरचे तीन नवे प्रकार त्यात मांडले होते. त्यातला एक होता धोतराचा कॅन्सर.

हो, धोतराचा. कंबरेला रोज त्याच जागी धोतर घट्ट आवळून बांधायचं, दिवसभर उन्हात राबायचं, घाम आणि कापडाचं घर्षण चालूच. वर्षानुवर्षं हे झालं की तिथली कातडी आधी रंग बदलते, मग तिचे पापुद्रे निघतात, मग जखम होते. त्यातल्या काहींना त्याच जागी कातडीचा कॅन्सर व्हायचा. प्रमाण कमी, पण कारण स्पष्ट. काश्मीरमध्ये थंडीत पोटाशी धरायच्या कांगडीमुळं पोटाच्या कातडीचा कॅन्सर होतो, हे आधीपासून माहिती होतं. खानोलकरांनी त्यात आपल्याकडच्या कापडाची भर घातली. पुढं डॉक्टरांना साडीच्या परकराची नाडी जिथं रुतते तिथंही असाच कॅन्सर सापडला.

धोतराच्या या कॅन्सरमधून एक गोष्ट कळली. जखम कंबरेवर होती, दिसत होती, हाताला लागत होती. तरी ती कशामुळं झाली हे कळायला कुणीतरी धोतराबद्दल विचारावं लागलं.

लाजेच्या जागेचा हिशोब

आता येऊ मूळ मुद्द्यावर.

मुंबईच्या नोंदींमध्ये आणखी एक गोष्ट दिसत होती. लिंगाचा कॅन्सर. युरोप-अमेरिकेत हा आजार क्वचितच दिसतो. इथं मात्र त्याचे पेशंट नियमित येत होते, आणि त्यात मोठा फरक होता. लहानपणी सुंता होणाऱ्या मुस्लिम समाजात हा कॅन्सर जवळजवळ सापडत नव्हता, आणि हिंदू पुरुषांमध्ये सापडत होता.

यावरून कुणीही घाईनं निष्कर्ष काढला असता की हा रक्ताचा, वंशाचा फरक आहे. खानोलकरांच्या पद्धतीचं मोल इथं कळतं. एकाच शहरात, एकाच हवापाण्यात राहणाऱ्या वेगवेगळ्या समाजांची तुलना करायची आणि विचारायचं, की यांच्या राहण्यात वेगळं काय आहे? जन्मानं मिळालेलं काय आणि सवयीनं आलेलं काय?

लिंगाच्या कॅन्सरचं उत्तर पुढच्या संशोधनानं बरंच स्पष्ट केलं. काही पुरुषांची पुढची कातडी मागे सरकत नाही. याला फायमोसिस म्हणतात. मग आतली जागा धुता येत नाही, मळ साचतो, सतत सूज राहते. त्यात तंबाखू आणि बिडीची भर. आणि एचपीव्ही नावाचा विषाणू, जो बायकांमध्ये गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरतो, तोच पुरुषांमधल्या या कॅन्सरच्या जवळपास निम्म्या केसेसमध्ये सापडतो.

म्हणजे यात जातीधर्माचं श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही, आणि प्रत्येकानं सुंता करून घ्यावी असाही अर्थ नाही. कातडी मागे सरकत असेल तर रोज पाण्यानं स्वच्छ धुणं आणि सरकत नसेल तर डॉक्टरला दाखवणं, इतकंच. पण हे बाप पोराला सांगत नाही आणि शाळेतही कुणी सांगत नाही.

1955 मध्ये खानोलकरांनी एल. डी. संघवी आणि आणखी एका सहकाऱ्यासोबत तंबाखूवर पुन्हा अभ्यास केला. कॅन्सर झालेल्यांच्या आणि न झालेल्यांच्या सवयी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. तंबाखू खाणाऱ्यांना आणि बिडी ओढणाऱ्यांना तोंडात आणि घशात कुठल्या जागी कॅन्सर होतो, याचा नकाशाच त्यातून तयार झाला.

तंबाखूचा नकाशा तोंड-घशापाशी संपत नाही, हे आज माहिती आहे. बिडी-सिगारेटच्या धुरातली विषारी द्रव्यं रक्तात जातात, किडनी ती गाळते आणि ती लघवीच्या पिशवीत जाऊन थांबतात. पिशवीचं अस्तर तासन् तास त्यात भिजत राहतं. म्हणून लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण आहे धूम्रपान. बिडी ओढणाऱ्याला फुप्फुसाची भीती घातली जाते, पण पिशवीचं नाव कुणी घेत नाही.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो?

आपल्या भागातली एक पक्की समजूत म्हणजे, तुकडा काढू देऊ नका, सुई लागली की कॅन्सर अंगभर पसरतो. या भीतीनं कितीतरी जण बायोप्सीच्या आदल्या दिवशी घरी निघून येतात.

खानोलकरांचं आख्खं आयुष्य या तुकड्यांत गेलं. तुकडा तपासल्याशिवाय बहुतेक कॅन्सरचं निदानच पक्कं होत नाही, आणि निदान नाही तर उपचार कशावर करणार? लिंगावरची जखम असो, प्रोस्टेट असो की लघवीची पिशवी, तुकडा लागतोच. लोकांना तो पसरल्यासारखा वाटतो, कारण बायोप्सीपर्यंत पोचायलाच उशीर झालेला असतो.

एक अपवाद मात्र माहिती पाहिजे. वृषणातल्या गाठीला वरून सुई घालत नाहीत. सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या करून, संशय पक्का असेल तर जांघेतून ऑपरेशन करून ते वृषण काढतात आणि मग तपासतात. कुठं तुकडा घ्यायचा आणि कुठं नाही, हे ठरलेलं शास्त्र आहे.

उपचारांचं म्हणाल, तर खानोलकर टाटामध्ये आले तेच 1941 साल या कॅन्सरसाठी जगभरात महत्त्वाचं ठरलं. अमेरिकेत चार्ल्स हगिन्स यांनी त्याच वर्षी दाखवून दिलं की पुरुषी हार्मोन कमी केलं की प्रोस्टेटचा पसरलेला कॅन्सरही आक्रसतो. त्यासाठी त्यांना 1966 मध्ये नोबेल मिळालं. आजही प्रोस्टेटच्या पसरलेल्या कॅन्सरचा उपचार याच पायावर उभा आहे. 1980 च्या दशकात पीएसए ही रक्ताची तपासणी आली. पीएसए वाढलं म्हणजे कॅन्सरच असं नाही. वयानं वाढलेली प्रोस्टेट किंवा इन्फेक्शन असलं तरी ते वाढतं. म्हणून पुढं एमआरआय आणि मग गरज असेल तर तुकडा.

लघवीच्या पिशवीत दुर्बीण घालून आतली गाठ खरवडून काढतात. 1976 मध्ये कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी त्यानंतर पिशवीत थेट बीसीजी सोडायची पद्धत मांडली. तेच बीसीजी, ज्याचा व्रण आपल्या सगळ्यांच्या दंडावर आहे. टीबीची लस पिशवीतल्या प्रतिकारशक्तीला जागं करते आणि कॅन्सर परत यायचं प्रमाण कमी होतं.

लिंगाच्या कॅन्सरमध्ये पूर्वी अवयव कापून टाकणं हाच मुख्य मार्ग होता. या भीतीनंच माणूस डॉक्टरकडं जात नाही. पण आज लवकर आलेल्या पेशंटमध्ये नुसता खराब भाग काढून अवयव वाचवता येतो. या आजारात जीव वाचणार की नाही हे बरंचसं ठरतं ते जांघेतल्या गाठींवर. कॅन्सर तिथं पोचला आहे का, हे पाहण्यासाठी सगळ्यात आधीची गाठ शोधून तपासायची कल्पना रॅमॉन कबानास यांनी 1977 मध्ये मांडली, तीही लिंगाच्याच कॅन्सरसाठी. पुढं तीच कल्पना स्तनाच्या कॅन्सरमध्ये वापरली गेली आणि असंख्य बायकांचं मोठं ऑपरेशन टळलं.

हिशोब उलटा आहे बघा. अवयव जाईल म्हणून जो घरी थांबतो, त्याचाच अवयव जातो.

माणसं घडवली, मग मोजणी गावात आली

1952 मध्ये परळमध्येच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं आणि खानोलकर त्याचे संचालक झाले. त्यांनी तिथं माणसं गोळा केली. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडल्या आणि त्यांनी तिथं प्रयोगशाळेत पेशी वाढवायचं तंत्र रुजवलं. डॉ. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कॅन्सरच्या पेशी पाहिल्या. ज्या काळात मुलींना मॅट्रिकनंतर घरी बसवायचे, त्या काळात खानोलकरांच्या लॅबमध्ये बायका संशोधन करत होत्या.

त्यांनी कुष्ठरोगावर काम केलं. केरळच्या किनाऱ्यावरच्या किरणोत्सारी वाळूत राहणाऱ्या लोकांच्या आरोग्याचा अभ्यास हाती घेतला. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पद्मभूषण मिळालं. 29 ऑक्टोबर 1978 ला ते गेले. भारतातल्या पॅथॉलॉजीचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं. 1966 मध्ये त्यांचं रिसर्च सेंटर आणि टाटा हॉस्पिटल एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झालं. त्याच्या खारघरच्या संशोधन केंद्रातल्या इमारतीला नाव आहे, खानोलकर शोधिका.

त्यांच्या कामात एक उणीव मात्र राहिली होती. त्यांची सगळी मोजणी हॉस्पिटलात आलेल्यांची होती. जो आलाच नाही, त्याचं काय?

ते काम पुढच्यांनी केलं. 1963 मध्ये डॉ. दारा जस्सावाला यांच्या पुढाकारानं मुंबईत शहरातल्या प्रत्येक कॅन्सर पेशंटची नोंद ठेवायला सुरुवात झाली. आणि 1987 मध्ये ही मोजणी आली आपल्या अगदी शेजारी, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली 346 गावं. इंदापूरच्या माणसाला ही गावं परकी नाहीत. तीच ज्वारी, तोच दुष्काळ, तीच तंबाखू.

इथं पेशंटची वाट बघत बसून चालणार नव्हतं. म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले. लोकांना गोळा करून लक्षणं समजावून सांगितली, कुणाला काही त्रास आहे का विचारलं, संशयितांना हॉस्पिटलात आणलं. काही वर्षांत फरक दिसला. बायकांमधला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडायला लागला. त्यासाठी कुठलंही महागडं मशीन आणलेलं नव्हतं. फक्त लाजेच्या विषयावर गावात बोललं गेलं.

बायकांच्या बाबतीत हे बोलणं आशाताईंनी थोडंफार घराघरात पोचवलंय. गड्यांच्या बाबतीत अजून नाही.

मग आता आपण काय करायचं?

पाच गोष्टी लक्षात ठेवा आणि घरातल्या पुरुषांना सांगा.

1. लघवीतून रक्त आलं, एकदाच आलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं, तरी डॉक्टरला दाखवा. न दुखता येणारं रक्त जास्त काळजीचं.

2. लिंगावरची जखम, फोड, गाठ किंवा कातडीखालून येणारा घाण वास दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर मलम बदलत बसू नका.

3. पुढची कातडी आधी सरकत होती आणि आता सरकत नाही, हेही लक्षण आहे. शुगर असणाऱ्यांनी जास्त लक्ष द्या.

4. विशी-तिशीतल्या पोरांनी अंघोळीच्या वेळी वृषण हातानं तपासावं. न दुखणारी कडक गाठ लागली तर लगेच दाखवा. हा कॅन्सर पसरला तरी बहुतेकदा पूर्ण बरा होतो.

5. पन्नाशीनंतर लघवीची धार बारीक झाली, रात्री चार-चार वेळा उठावं लागतं, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक वेळा ती साधी वाढलेली प्रोस्टेट निघते. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

यासाठी पहिल्याच दिवशी पुणे-मुंबई गाठायची गरज नाही. बारामतीत आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, इंदापुरात सरकारी रुग्णालय आहे. पहिली तपासणी तिथं होते आणि पुढं कुठं जायचं हे तिथं कळतं. कॅन्सरच्या अनेक उपचारांचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

खानोलकरांनी अनोळखी पेशंटला धोतर कुठं बांधता हे विचारायला लाज बाळगली नाही. तुमच्या घरात वडील, चुलते, आजोबा असतील. आज संध्याकाळी जेवण झाल्यावर त्यांना एकदा विचारा, की लघवीला काही त्रास तर होत नाही ना?

पहिल्यांदा ते चिडतील. दोन दिवसांनी कदाचित स्वतःहून सांगतील.